टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन : यंत्रापूर्वीचा हिशेब

रायगड जिल्ह्यात नागोठणे येथे १९९० च्या सुमारास जो मोठा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला, तो मुंबईजवळच्या समुद्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूच्या आधारावर. त्या वायूतील घटकांपासून इथिलीन, इथिलीनपासून पॉलिथिलीन आणि पॉलिथिलीनपासून दुधाची पिशवी, असा हा प्रवास आहे. इतर ठिकाणी वायूऐवजी खनिज तेलातील नॅफ्था वापरला जातो, इतकाच फरक. प्लॅस्टिक ही अशा रीतीने खनिज तेलाचीच लेक. ती माहेरी परत जाऊ शकेल काय, म्हणजे टाकून दिलेल्या पिशवीचे पुन्हा तेल होईल काय, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांनी फार पूर्वी सोडविला आहे. होते, असे त्याचे उत्तर आहे. मात्र ते तेल किती निघते, कोणत्या कचऱ्यापासून निघते, आणि त्यासाठी गावाने व तालुक्याने आधी काय केलेले असावे लागते, या गोष्टी पुरेशा स्पष्ट नसल्यामुळे या विषयाभोवती अवास्तव अपेक्षांचे एक वलय निर्माण झाले आहे. ग्रामपंचायतींकडे व नगरपरिषदांकडे यंत्रविक्रेत्यांची माहितीपत्रके येतात. त्यांवर निर्णय घेणाऱ्यांना काही मूलभूत माहिती हाताशी असावी, या हेतूने येथे तिची मांडणी केली आहे.

प्रश्नाचे स्वरूप

प्लॅस्टिकच्या कचऱ्याची झळ महाराष्ट्राला २६ जुलै २००५ रोजी विशेष तीव्रतेने जाणवली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस कोणत्याही नाल्यास पेलणारा नव्हता हे खरे. तथापि, तुंबलेल्या गटारांतून निघालेल्या पिशव्यांमुळे या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे यापुढे अशक्य झाले. पुढील वर्षी राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध आले आणि महाराष्ट्र अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियम संमत झाला. याच अधिनियमाच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या काही ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी लागू केली.

बंदीमुळे काही वस्तू कमी झाल्या, परंतु कचरा संपलेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०१९-२० या वर्षात देशात सुमारे ३४ लाख ७० हजार टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. त्यांपैकी सुमारे ४ लाख ४४ हजार टन एकट्या महाराष्ट्राचा होता. सर्व राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. बाजारात ज्याला भाव आहे ते प्लॅस्टिक, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, फुटक्या बादल्या, खुर्च्या, डबे, कचरावेचक आणि भंगारवाले उचलून नेतात. कोणत्याही शासकीय योजनेची वाट न पाहता त्यांनी उभी केलेली ही व्यवस्था आहे, आणि तिचे ऋण आपण क्वचितच मान्य करतो. मागे राहते ते मातीने माखलेल्या पातळ पिशव्या, तंबाखूच्या पुड्या, बिस्किटांची व कुरकुरीत पदार्थांची चकचकीत पाकिटे. त्यांना गिऱ्हाईक नसते. ती उकिरड्यावर जातात, तेथून गाईम्हशींच्या पोटात जातात, किंवा संध्याकाळी कोणीतरी काडी लावते. पोट फुगलेल्या जनावराच्या कोठीपोटातून शस्त्रक्रियेने पिशव्यांचे गोळे काढण्याचे काम पशुवैद्यकांना करावे लागते, हे ग्रामीण भागात सांगण्याची गरज नाही.

२०१६ च्या केंद्रीय प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी नगरपालिकांबरोबरच ग्रामपंचायतींवरही टाकली. प्लॅस्टिक उघड्यावर जाळले जाणार नाही, हे पाहणे आता पंचायतीचे कर्तव्य आहे. ज्या प्लॅस्टिकवर पुन्हा प्रक्रिया होऊ शकत नाही, त्याचा विनियोग रस्तेबांधणी, ऊर्जानिर्मिती किंवा तेलनिर्मिती यांसाठी करण्यास स्थानिक संस्थांनी प्रोत्साहन द्यावे, असेही हे नियम सांगतात. प्लॅस्टिकपासून तेल हा विषय पंचायतीच्या सभेत येतो तो या वाटेने.

माळ तुटते कशी

पॉलिथिलीनचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची एक अतिशय लांब माळ असते. एकेका माळेत हजारो मणी असतात व प्रत्येक मण्याला हायड्रोजनचे अणू चिकटलेले असतात. डिझेल, पेट्रोल आणि स्वयंपाकाचा वायू ही द्रव्येही कार्बन व हायड्रोजन यांचीच बनलेली असतात. फरक माळेच्या लांबीचा. स्वयंपाकाच्या वायूत तीन-चार कार्बन अणू, पेट्रोलमध्ये साधारणतः पाच ते बारा, डिझेलमध्ये त्याहून अधिक, सुमारे वीसपर्यंत. त्यापुढे मेण. तेव्हा लांब माळ योग्य ठिकाणी तोडता आली, की घन पदार्थाचे द्रव इंधन होते. एक किलो पॉलिथिलीनमध्ये जवळजवळ एक किलो डिझेलइतकीच उष्णता साठलेली असते, ती याच कारणाने.

माळ तोडण्याचे काम उष्णता करते. सुमारे ३५० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला या माळा तुटू लागतात. मात्र त्या वेळी हवा नसावी लागते. हवा असेल तर प्लॅस्टिक पेट घेईल आणि हाती धूर व काजळी येईल. कोळसा पाडण्यासाठी लाकूड रचून ते मातीने लिंपणाऱ्या माणसाला हे तत्त्व पुस्तकाविना ठाऊक असते : हवा कोंडली तर लाकडाचा कोळसा, मोकळी सोडली तर राख. बंद पात्रात तापविलेल्या प्लॅस्टिकची वाफ नळीवाटे बाहेर काढून ती थंड केली की तेल ठिबकू लागते. रोशा गवताचे तेल काढणाऱ्या भट्टीत वाफ थंड करण्याची जी रीत असते तीच येथे असते. पात्र पोलादी, बंदिस्त आणि फार अधिक तप्त असते, एवढेच. या क्रियेला तंत्रज्ञ पायरॉलिसिस म्हणतात. मराठीत औष्णिक विघटन म्हणता येईल.

नुसत्या उष्णतेने माळ कोठेही तुटते. त्यामुळे वायू, पेट्रोलसारखे हलके तेल, डिझेलसारखे जड तेल आणि मेण यांचे मिश्रण हाती येते. मेण नळ्यांत गोठून त्या बुजवते. तुटण्याच्या क्रियेला वळण लावण्यासाठी उत्प्रेरक वापरतात. झिओलाइट नावाची सूक्ष्म छिद्रांची खनिजे त्यासाठी विशेष उपयोगी पडतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांत जड तेलाचे हलके तेल करताना हीच खनिजे वापरली जातात. थंड करूनही जो वायू द्रवरूप होत नाही तो भट्टीच्या बर्नरला परत दिला जातो. संयंत्र एकदा तापले आणि नीट चालले, तर त्याचे बरेचसे जळण त्याचे तेच पुरविते. तळाशी काळी भुकटी उरते.

नागपूर, जेजुरी, डेहराडून

या विषयात महाराष्ट्राचे नाव आधीपासून जोडले गेले आहे. नागपूरच्या जी. एच. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन मिळविण्याची पद्धत विकसित केली आणि पुढे बुटीबोरी औद्योगिक क्षेत्रात तिच्यावर आधारित संयंत्र उभे राहिले. त्या काळात देशभरच्या वृत्तपत्रांनी या प्रयोगाची दखल घेतली. पुण्यातील मेधा ताडपत्रीकर व शिरीष फडतरे यांनी घरगुती प्रेशर कुकरमधील लहान प्रयोगापासून आरंभ करून जेजुरी येथे संयंत्र उभारले. त्यांच्या कामाचा विशेष असा, की यंत्रापाठोपाठ त्यांनी संकलनाकडे लक्ष दिले आणि घरोघरी वेगळे ठेवलेले, धुतलेले प्लॅस्टिक गोळा करण्याची व्यवस्था बसविली. कुकरच्या प्रयोगाची कथा वृत्तपत्रांतून पुष्कळ गाजली आहे. शाळांतील उत्साही विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्याहून उत्साही शिक्षकांनी मात्र तो घरी वा प्रयोगशाळेत करून पाहू नये. तप्त हायड्रोकार्बन वाफेत हवा शिरली तर स्फोट होतो.

शासकीय संशोधनाच्या बाजूने डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेचे कार्य मोलाचे आहे. या संस्थेने गेल या सार्वजनिक कंपनीच्या साहाय्याने उभारलेल्या प्रायोगिक संयंत्राचे उद्घाटन ऑगस्ट २०१९ मध्ये झाले. रोज एक टन प्लॅस्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल अशी त्याची घोषित क्षमता होती.

हा शेवटचा आकडा प्रत्येक पंचायत सदस्याने लक्षात ठेवावा असा आहे, कारण बाजारात ‘एका किलोला एक लिटर’ हे वाक्य फार प्रचलित आहे. डिझेलच्या एका लिटरचे वजन सुमारे ८३० ग्रॅम धरले, तर ८०० लिटर म्हणजे सुमारे ६६५ किलो. एक टन मालातून दोनतृतीयांश वजनाचे तेल, उरलेल्यात वायू आणि भुकटी. तेही राष्ट्रीय संस्थेच्या देखरेखीखाली. ओल्या, मातकट, सरमिसळ मालातून याहून अधिक तेल काढून देण्याचे कोणी आश्वासन देत असेल, तर तो मातीचेही तेल करतो असे मानावे लागेल.

कोणते चालते, कोणते चालत नाही

प्लॅस्टिक हे एक नाव असले तरी पदार्थ अनेक आहेत. दुधाच्या पिशव्या, पातळ पिशव्या, शेतातील मल्चिंग पेपर, शेडनेट, ठिबकच्या नळ्या ही सर्व पॉलिथिलीनची भावंडे. खताची विणलेली गोणी, दोर, अनेक डबे व झाकणे पॉलिप्रोपिलीनची. या दोन कुळांपासून उत्तम तेल मिळते. थर्माकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरीन. त्यापासूनही तेल मिळते, परंतु त्यात हवाच इतकी असते, की गाडीभर थर्माकोल काट्यावर घातला तर हाती फारसे काही लागत नाही.

पाण्याच्या व शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या पीईटी या पदार्थाच्या असतात. त्यांच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्राणवायूचा असतो. भट्टीत त्यांपासून तेलाऐवजी नळ्या बुजविणारे आम्लयुक्त घन पदार्थ तयार होतात. शिवाय या बाटल्यांना भंगारात चांगला भाव येतो व त्यांचे धागे बनतात. त्या भट्टीत घालणे म्हणजे कचरावेचकाच्या हातातील रोजी काढून घेऊन यंत्र बिघडविणे होय.

खरा शत्रू पीव्हीसी. त्याच्या शंभर ग्रॅम वजनात सुमारे ५७ ग्रॅम क्लोरीन असतो. तापविल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. तो पोलाद खातो, उत्प्रेरक निकामी करतो आणि तेलात क्लोरीनयुक्त द्रव्ये मिसळून ते जाळण्यास अयोग्य करतो. उघड्यावर जाळल्यास यातूनच डायॉक्सिन गटातील अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. पाण्याचे कडक नळ, विजेच्या तारांचे आवरण, रेक्झिन, अनेक स्वस्त चपलांचे तळ, टेबलावरचे पारदर्शक आच्छादन, ही पीव्हीसीची रूपे. यांत अलीकडे एक मोठी भर पडली आहे, ती चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सफलकांची. हे फलक म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर दिलेला पीव्हीसीचा थर. भट्टीच्या दृष्टीने दोन्ही वर्ज्य. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा एखादा फलक गाठोड्यात लपून गेला, तर सगळ्या घाणीला पुरतो.

ओळखण्यासाठी दोन साधने आहेत. अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक अंक असतो. २ व ४ हे पॉलिथिलीनचे, ५ पॉलिप्रोपिलीनचा, ६ पॉलिस्टायरीनचा. १ म्हणजे पीईटी आणि ३ म्हणजे पीव्हीसी. पिशवीच्या तुकड्यावर मात्र असा अंक सापडेलच असे नाही. अशा वेळी बादलीभर पाणी उपयोगी पडते. वस्तूचा लहान तुकडा कापून, साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून सोडून द्यावा. पॉलिथिलीन व पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकी असल्याने वर येतात. पीव्हीसी आणि पीईटी तळाशी जातात. थर्माकोलचा अपवाद सोडला, तर तरंगते ते भट्टीचे आणि बुडते ते बाजूला, हा स्थूल नियम बहुतेक ठिकाणी पुरेसा ठरतो. माध्यमिक शाळेत घनता शिकविताना हा प्रयोग सहज करता येईल. त्यासाठी वर्गात दुधाची पिशवी, पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि त्याच बाटलीचे झाकण एवढे साहित्य पुरे. बाटली बुडते व झाकण तरंगते, हे पाहून मुलांना एकाच वस्तूत दोन प्लॅस्टिके असू शकतात याचे नवल वाटते.

चकचकीत पाकिटांचा प्रश्न थोडा अवघड आहे. त्यांत दोनतीन प्रकारच्या प्लॅस्टिकचे थर आणि बहुधा ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप असतो. हे थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणूनच त्यांना भंगारात कोणी विचारत नाही. ही पाकिटे प्रमाणात मिसळली तर भट्टीत चालतात. भुकटी तेवढी वाढते. वस्तुतः तेलनिर्मितीचा उपयोग व्हावा तो अशाच बेवारस मालासाठी.

मातीबद्दल दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. भाजीपाला व कलिंगडाच्या पिकानंतर शेतातून ओढून काढलेल्या मल्चिंग पेपरवर पुष्कळदा कागदाच्या वजनाइतकी माती असते. ती भट्टीत गेली तर तापविण्याचा खर्च मातीवरही होतो आणि पात्राच्या तळाशी थर धरतो. ओलाव्याचेही तसेच. उन्हात वाळवून, झटकून आणलेला माल आणि पावसात भिजलेल्या ढिगातून उचललेला माल या दोहोंतील फरक तेलाच्या टाकीत दिसतो.

एका तालुक्याचे गणित

वर दिलेल्या राज्याच्या आकड्याला सुमारे साडेबारा कोटी लोकसंख्येने भागले, तर माणशी दररोज सुमारे दहा ग्रॅम प्लॅस्टिक कचरा येतो. हा आकडा मुख्यतः शहरांच्या नोंदींवर उभा आहे. खेड्यांत तो कमी असण्याचा संभव आहे. तरीही दहा ग्रॅमच धरू. पाच हजार वस्तीच्या गावात रोज ५० किलो प्लॅस्टिक निघेल. त्यातील विक्रीयोग्य माल भंगारवाल्याने नेला, पीव्हीसी व पीईटी बाजूला काढले आणि निम्मा माल भट्टीयोग्य उरला असे मानले, तर रोज २५ किलो. एक टनाच्या भट्टीला अशी चाळीस गावे लागतील, म्हणजे दोन लाख लोकसंख्या, आणि तीही प्रत्येक घरातून शंभर टक्के संकलन झाले तर.

एका गावाने आपल्यापुरती भट्टी घेऊ नये याचे कारण या गणितात आहे. भट्टी तापविण्यास लागणारे इंधन ती भरलेली असो वा अर्धी, जवळपास तेवढेच लागते. आठवड्यातून एकदा पेटविण्याजोगी भट्टी ही गावाच्या मालमत्तेत भर न घालता गावाच्या वीजबिलात भर घालते. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१ पासून, प्रत्येक विकास गटासाठी एक प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद अशी जी योजना करण्यात आली, तिच्यामागे हाच विचार दिसतो. गावाने गोळा करावे, वेगळे करावे. गटाच्या केंद्रात झटकणी, तुकडे व गठ्ठे करावेत. आणि तेथून तो माल जेथे जाण्यासारखा असेल तेथे जावा. गठ्ठे बांधण्याचे यंत्र हे भट्टीच्या मानाने साधे व आकर्षण नसलेले यंत्र आहे. त्याच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येण्याची शक्यता कमी. परंतु सैल पिशव्यांनी भरलेली मालमोटार काट्यावर एकदोन टनच भरते आणि डिझेल मात्र पूर्ण जाळते, हे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते.

परदेशांतील अनुभवही येथे उपयोगी आहे. जर्मनीत लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफ या बलाढ्य रसायन कंपनीने १९९४ मध्ये वर्षाला १५ हजार टन क्षमतेचे प्रायोगिक संयंत्र सुरू केले. तंत्र यशस्वी झाले. पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतक्या मालाची व त्यासाठीच्या शुल्काची दीर्घ मुदतीची हमी मिळाली नाही, आणि १९९६ मध्ये ते बंद करण्यात आले. जपानमध्ये सापोरो येथे २००० साली सुरू झालेले संयंत्र घरगुती वेष्टनांवर चाले. पीव्हीसीतील क्लोरीन आधी काढून टाकण्याची वेगळी पायरी त्यात होती. तेही सुमारे दहा वर्षांनी बंद झाले. जर्मन व जपानी तंत्रज्ञ यंत्रात कमी पडले नाहीत. मालाचा पुरवठा, त्याचा दर्जा आणि तेलाचा बाजारभाव ही तीन कलमे एकाच वेळी जुळून येणे कठीण असते, हा त्यांचा अनुभव आहे.

तेल निघाल्यानंतर

भट्टीतून ठिबकणारे तेल डिझेलसारखे दिसते म्हणून ते डिझेल होत नाही. त्यात हलके पेट्रोलसदृश घटक मिसळलेले असतात. ज्या तापमानाला तेलावरची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला ज्वलनांक म्हणतात. भारतीय मानकांनुसार रॉकेल आणि मोटारींचे डिझेल यांचा ज्वलनांक ३५ अंशांपेक्षा कमी असता कामा नये. ऊर्ध्वपातनाने हलके घटक वेगळे न केलेले प्लॅस्टिक तेल या मर्यादेच्या पुष्कळ खाली पेट घेऊ शकते. असे तेल रॉकेलच्या स्टोव्हमध्ये भरणे म्हणजे स्टोव्हमध्ये पेट्रोल भरण्यासारखे आहे. रॉकेलच्या टंचाईमुळे गावात अशा तेलाला मागणी येईल, आणि स्वस्तात मिळते म्हणून स्वयंपाकघरापर्यंत ते पोहोचेल. तेल विकणाऱ्याइतकीच ते विकू देणाऱ्या पंचायतीची जबाबदारी येथे उत्पन्न होते. कारखान्यातील बाष्पक, वीटभट्टी, प्रसंगी जनरेटर ही या तेलाची योग्य ठिकाणे. १ एप्रिल २०२० पासून मोटारींसाठी भारत स्टेज ६ ही इंधनमानके लागू झाली असल्याने, पूर्ण शुद्धीकरण व चाचणी झाल्याखेरीज ते रस्त्यावरील वाहनाला चालणार नाही.

ज्वलनांक २३ अंशांखाली असलेली द्रव्ये कायद्याने ‘अ’ वर्गातील पेट्रोलियम ठरतात आणि त्यांचा नाममात्र साठा वगळता परवाना लागतो. हा परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरलाच आहे. संयंत्रासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी घ्यावी लागते. हे सोपस्कार म्हणजे अडवणूक, अशी तक्रार ऐकू येते. परंतु पाचशे अंशांचे पात्र, हवा शिरण्याची भीती आणि शेजारी तेलाची टाकी असे काम जेथे चालते, तेथे रात्रपाळीला असणारा कामगार बहुधा त्याच गावातला असतो.

हे तेल जाळल्यावर एक किलो पॉलिथिलीनमागे सुमारे तीन किलो कर्बवायू हवेत जातो, हेही नमूद करणे आवश्यक आहे. त्या बदल्यात तेवढे खनिज डिझेल वाचते, हा त्याचा लाभ. पण कचरा नाहीसा झाला असे म्हणता येत नाही. म्हणून ज्या पिशवीची पुन्हा पिशवी, बादली किंवा नळी होऊ शकते, तिचा क्रम आधी. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे पातळ प्लॅस्टिकचे तुकडे तप्त खडीवर पसरवून त्यावर डांबर घातले तर रस्ता अधिक टिकतो. इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत. ज्या तालुक्यात डांबर मिसळण्याचे संयंत्र जवळ आहे, तेथे हा मार्ग भट्टीपेक्षा सोपा. चंद्रपूरसारख्या सिमेंट कारखान्यांच्या जिल्ह्यात तेथील भट्ट्या कोळशाबरोबर असे प्लॅस्टिक वापरू शकतात. त्यांचे तापमान १४०० अंशांवर असते. तेलनिर्मिती यांपैकी काहीच जवळ नसेल, किंवा माल पुरेसा, स्वच्छ आणि वर्षभर मिळण्याची खात्री असेल, तेव्हा विचारात घ्यावी.

ती खात्री अंदाजाने होत नाही. गट पातळीवर संयंत्राचा प्रस्ताव येण्यापूर्वी किमान बारा महिने प्रत्येक सहभागी गावाने वजनाची नोंदवही ठेवावी. तारीख, एकूण वजन, भंगारात गेलेले, तरंगलेले आणि बुडालेले असे पाच रकाने पुरेत. पावसाळ्यात आकडा घसरतो, लग्नसराईत व जत्रेत चढतो, आणि मल्चिंग पेपर हंगाम संपताच एकदम येतो. बारा महिन्यांखेरीज हे चढउतार दिसत नाहीत. विक्रेत्याशी करार करताना तेलाचे प्रमाण आपल्याच नोंदवहीतील मालावर चाचणी घेऊन ठरवावे, त्याने आणलेल्या स्वच्छ दाण्यांवर ठरवू नये. उत्प्रेरक कोठून येणार व किती दिवसांनी बदलावा लागणार, संयंत्र बंद पडल्यास साठलेला माल कोण उचलणार, हे कागदावर असावे. काळ्या भुकटीत रंगद्रव्यांतील जड धातू असू शकतात. ती तपासल्याखेरीज शेतात, रस्त्याच्या भरावात किंवा ओढ्याकाठी टाकता येत नाही. तिच्या तपासणीचा व वाहतुकीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडेल, हे कलम करारात बहुधा गाळलेले असते, आणि म्हणून ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावे.